बाळंतिणीच्या बादल्या

फोन वाजला तेव्हा ब्लिया मोहरीचा पाला खुडत होती. खालच्या मजल्यावरची शुआ फोनवर कधी सरळ कामाचं बोलायची नाही. आधी हवा, मग गुडघे, मग जावेच्या कागाळ्या, आणि काम असलंच तर शेवटी. आज मात्र तिने थेट विषयालाच हात घातला.

"काकू, घरांची तपासणी सुरू झालीय. माझ्याकडून आत्ताच गेली ती बाई."

"आज कशी? चिठ्ठीत तर उद्याचा दिवस होता."

"उद्या बर्फाचं वादळ येणार म्हणून आजच उरकतायत. भिंतींना कसलंसं यंत्र लावून ओल बघतेय. माझी कपाटंसुद्धा उघडून बघितली. तुमच्या त्या जंगलाचं काय करणार?"

ब्लियाने जंगलाकडे पाहिलं. केकवरच्या क्रीमच्या रिकाम्या बादल्या ती बेकरीतून मागून आणायची. त्या काठोकाठ माती भरून खिडकीपाशी दाटीवाटीने उभ्या होत्या. मोहरी, कोथिंबीर, कांद्याची पात, मिरची, गवती चहा, आणि मधोमध तीन बादल्यांत बाळंतिणीचा पाला. वर मुलाने, केंगने, टांगलेले रोपं वाढवायचे जांभळट दिवे. बाहेर सेंट पॉल शहराची थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी, आणि आत तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत भर जानेवारीत हिरवं शेत. एरवी या शेताकडे बघितलं की ब्लियाचा जीव थंड व्हायचा. आज ती नुसत्या बादल्या मोजत राहिली.

कारण गोष्ट साधी नव्हती. पानगळीत बादल्या बाहेरून आत आणल्या तेव्हा ब्लियाने हात सैल सोडून पाणी घातलं, आणि खालच्या घराच्या छताला ताटाएवढा डाग पडला. मालकाकडून पत्र आलं. खिडकीत चार कुंड्या ठेवा, हरकत नाही, पण मातीच्या बादल्या चालणार नाहीत. पुन्हा घरात दिसल्या तर वसंतात भाडेकरार संपला, घर खाली करा. हे घर मिळायला केंगने दोन वर्षं वाट पाहिली होती. तेव्हा ते चौघं ब्लियाच्या दीराच्या तळघरात राहत होते. चौघं म्हणजे केंग, त्याची बायको गाओनू, ब्लिया, आणि दीराचा म्हातारा कुत्रा. कुत्राच त्यातल्या त्यात सुखात होता.

पत्र वाचून केंग म्हणाला होता, "आई, टाकून दे सगळं."

"टाकते की. मग तुझ्या बायकोला बाळंतपणात काय घालू, पिझ्झा?"

गाओनूला तेव्हा सहावा लागला होता. बाळंतिणीने महिनाभर फक्त गरम भात आणि पाला घातलेलं कोंबडीचं पाणी घ्यायचं, दुसरं काही नाही. आणि तो पाला ताजा हवा, घरचा हवा. बाजारात मिळतो, नाही असं नाही, पण तो कोणाच्या हातचा, कुठल्या मातीतला, कोणाला ठाऊक. ब्लियाच्या बादल्यांतलं रोप तिच्या थोरल्या बहिणीने दिलेलं. बहीण गेली, रोप राहिलं. शेवटी मायलेकरांत तोड निघाली: बाळंतपणाचा महिना संपेपर्यंत बादल्या राहतील, मग घराबाहेर. केंगने प्रत्येक बादलीखाली चाकांची फळी ठोकून दिली, म्हणजे वेळ आली की ढकलून कुठेही नेता येईल. वेळ आली की शुआकडे न्यायच्या, असं ठरलं होतं.

"शुआ, तुझ्याकडची तपासणी झाली ना? मग मी आणते खाली."

"लिफ्टसमोरच उभी आहे ती. तुम्ही काय तिच्या पायावरून नेणार?"

झालं. ब्लियाने फोन ठेवला. केंग कामावर, गोदामातून तो संध्याकाळशिवाय सुटायचा नाही. गाओनू आतल्या खोलीत, बाळंत होऊन आठवडा झालेला. ब्लियाने आधी जांभळे दिवे बंद केले आणि पहिल्या बादलीला हात घातला. घरात लपवायला जागा अशी एकच होती. बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस जात नाही, ही गोष्ट तिच्या दृष्टीने सूर्य उगवण्याइतकी पक्की होती.

दार ढकलून ती बादली घेऊन आत शिरली तेव्हा गाओनू बाळाला छातीशी धरून बसली होती. बाळ चोखत होतं, सोडत होतं, रडत होतं, पुन्हा चोखत होतं. अंगावर दूध अजून नीट उतरलं नव्हतं. गाओनूचे डोळे रात्री न झोपल्यामुळे सुजले होते.

"आई, हे काय?"

"तपासणी आलीय."

"मग माझ्या पलंगाभोवती शेत लावणार?"

"तू आवाज करू नकोस. पोरालाही करू देऊ नकोस."

"सांगा त्याला तुम्हीच," गाओनू म्हणाली. "मी पानगळीपासून सांगत होते, टाका त्या बादल्या. आता आपल्याला बाहेर काढलं म्हणजे? पोराला घेऊन पुन्हा त्या तळघरात?"

सून म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ब्लिया एकेक बादली ढकलत राहिली. चाकं लाकडी फरशीवर खडखड वाजत होती. पलंगाच्या दोन्ही बाजूंना बादल्या लागल्या, पायथ्याशी लागल्या, एक पाळण्याशेजारी गेली. मिरचीची फांदी बाळाच्या दुपट्ट्यावर टेकली. गाओनूने ती बाजूला सारली आणि हसू की रडू असा चेहरा केला.

शेवटची बादली आत गेली, ब्लियाने बाहेरची माती झाडून घेतली, तोच पुन्हा फोन.

"काकू, तुमच्या मजल्यावर आली. आणि एक सांगायचं राहिलं." शुआ थांबली. शुआ थांबली म्हणजे बातमी वाईट असणार. "ही नेहमीची मॅनेजर नाही. नवीन बाई आहे, रोंडा नावाची. पोटुशी आहे. चांगली मोठी दिसतेय."

ब्लिया फोन हातात धरूनच बाळंतिणीच्या दाराकडे वळली.

बाळंतिणीच्या घरात पोटुशी बाई येत नाही. आली तर बाळंतिणीचं दूध तिच्यामागोमाग निघून जातं. हे ब्लियाला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ती तरुण होती, थायलंडच्या निर्वासित छावणीत होती, पहिली मुलगी झाली होती, आणि शेजारची एक पोटुशी चुलत नणंद पोटाशी हात धरून मीठ मागायला आत आली होती. चार दिवसांत ब्लियाचं दूध आटलं. मुलगी महिन्याची झाली नाही. छावणीत पोटाला धड अन्नच नव्हतं, दूध कुठून येणार, असं गाओनूने एकदा समजावून सांगितलं होतं. ब्लियाने मान डोलावली होती आणि त्यातलं काही म्हणजे काही आत घेतलं नव्हतं. तिला अजून ती नणंद दारात उभी दिसायची, मिठाची वाटी हातात.

म्हणून तर तिने बाहेरच्या दारावर हिरवी डहाळी लावली होती. आपल्या माणसाला त्या डहाळीचा अर्थ कळतो: आत येऊ नका. परक्या माणसाला ती शोभेची वाटते.

"गाओनू," तिने दारातून हळूच सांगितलं, "ती बाई पोटुशी आहे. मी दार उघडत नाही."

"तिच्याकडे किल्ली असते, आई. नाही उघडलंत तर ती उघडून येईल, आणि मग तिला वाटेल काहीतरी लपवताय."

"लपवतोच आहोत."

"तेच म्हणतेय."

दारावर थाप पडली. ब्लियाने खोलीचं दार ओढून घेतलं. घराचा उंबरठा आता हातचा गेला होता, हा खोलीचा सोडायचा नाही, एवढं तिने मनाशी बांधलं आणि बाहेरचं दार उघडलं.

रोंडा आत आली. रुंद खांद्यांची, दमलेली, कोटाची बटणं पोटावर न लागणारी. डहाळीला डोकं लागलं तेव्हा तिने ती हाताने अलगद बाजूला केली आणि छान आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. ब्लियाला इंग्रजी बेताचंच. 'पाणी', 'भिंत', 'एक मिनिट' एवढं तिला कळलं. ती हसली.

बाईने ओट्याखाली वाकून बघितलं. वाकताना तिला त्रास होत होता, कंबरेवर हात ठेवून ती हळूहळू उठायची. मग ते यंत्र भिंतीला लावलं. मग खिडकीपाशी गेली, नेमकी जिथे बादल्या होत्या तिथे. फरशीवर गोल गोल फिकट ठसे उमटले होते. ब्लियाने पाय पुढे टाकून त्यातला एक झाकला, पण पाय दोन आणि ठसे खंडीभर. रोंडाने वर टांगलेल्या दिव्यांकडे पाहिलं, खाली पाहिलं, ब्लियाकडे पाहिलं आणि यंत्र फरशीला लावलं. यंत्र वाजलं नाही. तिने हातातल्या काचेच्या पाटीवर बोटाने काहीतरी टिपलं.

खोलीत बाळ कुरकुरलं. गाओनूने त्याला लगेच गप्प केलं असावं. मग एक बारीकसा आवाज आला, चाक हलल्याचा. ब्लियाने मोठ्याने खोकल्यासारखं केलं.

"ठीक," रोंडा म्हणाली. हा शब्द ब्लियाला येत होता. ठीक म्हणजे झालं. ठीक म्हणजे ती आता जाणार. ब्लियाने दाराकडे हात केला, आणि रोंडा दाराकडे न जाता उलट वळली. आतल्या बोळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चालूही लागली.

बोळात दारं दोन. एक न्हाणीघराचं, एक बाळंतिणीचं.

ब्लिया या वयात इतक्या चपळाईने कधी हलली नसेल. ती बाईच्या आणि खोलीच्या मध्ये जाऊन उभी राहिली, पाठ दाराला लावून. रोंडा थांबली. पुन्हा काहीतरी म्हणाली, या वेळी जरा घाईने, आणि बोट पुन्हा पुढे. तिच्या कपाळावर आठी पडली होती. ब्लियाला ती आठी कळली: संशय आलाय. आता ही दार उघडल्याशिवाय जात नाही. घर तर गेलंच. बादल्या आत असोत की बाहेर, ही बघणारच. पण आत जाऊन बघितलं तर घराबरोबर दूधही जाईल. बादल्याच बघायच्यात ना हिला? मग बघ. इथेच बघ.

तिने दार बादलीपुरतं उघडलं, हात घालून पहिली बादली ओढली आणि बोळात आणून उभी केली. मोहरी. मग दुसरी. आतून गाओनू "आई, काय करताय, आई" म्हणत राहिली, पण ब्लियाने तिच्याकडे पाहिलं नाही. कोथिंबीर आली, पात आली, मिरची आली, गवती चहा आला. शेवटी बाळंतिणीच्या पाल्याच्या तीन बादल्या आल्या. वसंतात आपण कुठे असू, पोर कुठल्या छपराखाली असेल, केंगला काय तोंड दाखवायचं, हे सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. तिने दार घट्ट लावून घेतलं, दोन्ही हात आडवे धरले आणि आपल्या भाषेत सांगितलं, "हे सगळं माझं आहे. जे आहे ते हे. आत काही नाही. आत जाऊ नकोस, बाई. तुझ्या पाया पडते."

रोंडा बादल्यांच्या मधोमध उभी होती. पुढे जायला जागा नाही, मागे जायला नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली. मग तिने बंद दाराकडे बघून मोठ्याने एक वाक्य म्हटलं, जवळजवळ रडकुंडीला येऊन.

दारामागे गाओनू हसायला लागली. आधी हळू, मग आवरेना असं. बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"आई," ती आतून म्हणाली, "बाजूला व्हा. तिला लघवीला जायचंय."

"काय?"

"ती मघापासून विचारतेय. तपासणी झाली म्हणतेय, फक्त न्हाणीघर वापरू का. पोटुशी बाई आहे, तिला किती वेळ थांबता येणार? बादली सरकवा एक."

ब्लियाने बादली सरकवली. रोंडा जवळपास धावतच आत गेली आणि कडी लागली. ब्लिया तिथेच बादल्यांत खाली बसली. आपल्या हाताने आपण काय करून बसलो ते तिला आता पुरतं कळलं. तिने पदराने तोंड पुसावं तसं एप्रनने पुसलं, पण डोळे काही थांबेनात. बाई जात होती. ठीक म्हणाली होती. आणि आपण घर उचलून तिच्या हातात दिलं.

खोलीचं दार उघडलं. गाओनू उंबरठ्याच्या आत उभी होती, बाळ खांद्यावर, पायात दोन-दोन मोजे. सासूने गार फरशीवर पाय ठेवू नकोस म्हणून रोज कानीकपाळी ओरडायचं आणि हिने अनवाणी फिरायचं, असा आठवडाभर वाद चालला होता. आज मोजे तिने आपणहून घातले होते.

"तुम्ही ते का बाहेर काढलंत?" तिने विचारलं. हसू आता नव्हतं.

"ती आत आली असती."

"आली असती तर आली असती. घर गेलं असतं ते गेलंच असतं ना."

"घर दुसरं बघता येतं," ब्लिया म्हणाली. "दूध कुठून आणू?"

गाओनूने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. छावणीतल्या त्या मुलीची गोष्ट तिने केंगकडून ऐकली होती. त्या मुलीचं नाव काय होतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं, आणि ते आत्ता तिच्या लक्षात आलं.

रोंडा बाहेर आली, मोकळी, चेहरा धुतलेला. बादल्यांकडे बघितलं, खाली बसलेल्या म्हातारीकडे बघितलं, मग गाओनूकडे. आता इंग्रजीत बोलणं सुरू झालं आणि ब्लिया दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखी.

"मला हे लिहावं लागेल," रोंडा म्हणाली. "दिसलं ते लिहायचं, नाहीतर माझी नोकरी जाईल. उगाच का दाखवलंत? मी निघालेच होते."

"त्यांना वाटलं तुम्ही माझ्या खोलीत येताय."

"आले असते तर काय?"

आमच्यात असं मानतात, माझी सासू जुन्या वळणाची आहे, असं हसून सांगता आलं असतं. शाळेपासून गाओनू असंच सांगत आली होती. तिने तोंड उघडलं आणि निराळंच निघालं.

"मी बाळंतीण आहे. तुम्ही पोटुशी आहात. तुम्ही माझ्या खोलीत आलात तर माझं दूध तुमच्याबरोबर जाईल. ते अजून नीट आलेलं नाही. म्हणून त्यांनी घर पणाला लावलं आणि तुम्हाला अडवलं. ही झाडं माझ्या महिनाभराच्या जेवणातली आहेत."

रोंडाने आपल्या पोटाकडे पाहिलं. मग बादल्यांतून वाट काढत ती मागे सरली, बोळातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारात, दाराबाहेर. डहाळी आता तिच्या आणि घराच्या मध्ये आली. उरलेलं बोलणं तिने तिथूनच केलं.

"फरशी सुकी आहे, भिंत सुकी आहे. तेही लिहीन," ती म्हणाली. "बादल्या दिसल्या, हटवायला सांगितलं, असं लिहायचं असतं. मग पुन्हा एकदा येऊन बघायचं. तेव्हा नसल्या तर विषय संपला, करार तसाच राहील. असल्या तर मात्र माझ्या हातात काही नाही."

"पुन्हा कधी येणार?"

"तारीख मला टाकायची असते." रोंडाने पाटी वर धरली, बोट तयार ठेवलं. "तुझा महिना कधी संपतो?"

गाओनूने दिवस सांगितला, मग सगळं सासूला सांगितलं. ब्लियाने दोनदा सांगायला लावलं. मग ती भिंतीला धरून उठली, दारापर्यंत गेली आणि डहाळीच्या अलीकडे उभी राहून त्या बाईला आपादमस्तक न्याहाळू लागली. कोट नीट लागत नाही. डोळ्यांखाली काळं. इतकी पोटुशी बाई या थंडीत दारोदार फिरतेय.

"विचार तिला, तिचे दिवस कधी भरतात."

"एप्रिलमध्ये म्हणतेय."

"आणि तिचं करणार कोण? आई आहे का?"

गाओनूने विचारलं. रोंडा जरा हसली, खांदे उडवले आणि लांबच्या कुठल्याशा गावाचं नाव घेतलं. तारीख टाकून झाली होती. तिने हात वर केला आणि पुढच्या दाराकडे गेली.

ब्लियाने दार लावलं. बोळात येऊन तिने बाळंतिणीच्या पाल्याची एक बादली वेगळी काढली आणि दिव्याखाली सगळ्यांत चांगल्या जागी नेऊन ठेवली.

"हिच्यातलं एक पान खुडायचं नाही," ती म्हणाली. "ही तिची. एप्रिलपर्यंत भरून येईल."

"आई, महिना संपला की बादल्या घरात ठेवता येणार नाहीत. आत्ताच सांगितलं ना तिने?"

"आपल्या घरात नाही ठेवायची," ब्लिया दिवा लावत म्हणाली. "तिच्या घरात ठेवायची. तिची तपासणी कोण करणार आहे?"